ओकचे पिंप आणि पलूसची द्राक्षे

गेल्या डिसेंबरात अमेरिकेत स्थायिक झालेला एक शाळासोबती पुण्यात आला होता. येताना त्याने एक बाटली जपून आणली होती. बाटलीत बिअर होती. पण ज्या ओकच्या पिंपात आधी काही वर्षे बर्बन व्हिस्की मुरली होती, त्याच रिकाम्या पिंपात ही बिअर पुढे वर्षभर ठेवलेली होती. थंडगार प्यायची नाही, असे बजावून त्याने ती तासभर आधीच फ्रीजबाहेर काढून ठेवली. पेल्यात ओतली तेव्हा ती काळीभोर आणि काकवीसारखी दाट दिसत होती. वरचा फेस पांढरा नव्हता, बदामी होता, आणि पाहता पाहता विरून गेला. पहिल्या वासात व्हॅनिला आणि भाजलेले सुके खोबरे. हातातल्या उबेने पेला थोडा तापल्यावर गुऱ्हाळाच्या कढईच्या काठाला लागून किंचित करपलेल्या गुळाचा वास. घोट घेतला तर आधी गोडी, मग कोकोचा कडूपणा, त्यामागून लवंग, आणि घोट उतरून गेल्यावर कच्च्या सुपारीसारखा जीभ कोरडी करणारा तुरटपणा. सर्वांत शेवटी, बराच वेळ रेंगाळणारा, विझलेल्या चुलीचा धूर.

‘‘कशी आहे?’’ मित्राने विचारले. मी म्हणालो, ‘‘मुरलेली आहे.’’

उत्तर सहज दिले होते, पण नंतर ते मनात घोळत राहिले. मराठीत लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, ताप अंगात मुरतो आणि माणूस राजकारणातही मुरतो. काळ गेल्याने एक वस्तू दुसरीत भिनते, इतका नेमका अर्थ सांगणारे क्रियापद आपल्याकडे आहे. मात्र आपले मुरणे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत होते. बरणीने पदार्थाला आपले काही द्यायचे नसते. भांड्याचा गुण पदार्थाला लागला तर तो बिघाडच: कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यातली आमटी ‘कळकली’ म्हणून फेकून देतात. माझ्या हातातल्या पेल्यात मात्र भांडेच उतरलेले होते. खोबरे, लवंग, व्हॅनिला, धूर, यांतले काहीही बिअरमध्ये घातलेले नव्हते. ते सारे लाकडातून आलेले होते. म्हणजे जे आपल्याकडे कळकणे, तेच तिथे मुरणे. हा फरक केवळ जिभेचा आहे की त्यामागे काही इतिहास आहे, हे शोधताना मी बराच फिरून अखेर माझ्या आजोळी, पलूसला, येऊन पोहोचलो. तो प्रवास येथे मांडतो.

१. पिंप

दख्खनच्या पठारावर द्रव साठवण्याची साधने मातीची, धातूची आणि चामड्याची. पाण्याला रांजण आणि घडे, तेला-तुपाला चामडी बुधले, पाणी वाहून न्यायला पखाल. लाकडी फळ्या वाकवून, लोखंडी कड्यांनी आवळून, खिळा न मारता, डिंक न लावता जलाभेद्य पात्र करण्याची विद्या येथे रुजली नाही. तशी गरजही नव्हती. कुंभार प्रत्येक गावात होता आणि मद्य लांबच्या बाजारात पाठवायचे नव्हते. जे गाळले जाई ते पंचक्रोशीत संपे.

वस्तू बाहेरून आली तसा शब्दही बाहेरूनच आला. ‘पिंप’ किंवा ‘पीप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून मराठीत आला. पिपा म्हणजे मद्याचे मोठे लाकडी पिंप. सुमारे पाचशे लिटरचे ते मापही होते. आज पिंप म्हटले की पाण्याचे निळे प्लास्टिकचे किंवा डांबराचे पत्र्याचे पिंप डोळ्यांसमोर येते. शब्दाच्या पोटातले लाकूड आणि मद्य दोन्ही केव्हाच गळून गेले. इंग्रजीत लाकडी पिंपे करणाऱ्या कारागिराला ‘कूपर’ म्हणतात, आणि हे आडनाव आपल्याकडे पारशी समाजात आले. १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले साताऱ्याचे धनजीशा कूपर वाचकांना स्मरत असतील. पण साताऱ्याच्या कूपरांची कीर्ती झाली ती लोखंडी कारखान्यामुळे. पलूसपासून हाकेच्या अंतरावर १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतही लोखंडी नांगरच घडले. आपल्या भागाने यंत्रयुगात पाऊल टाकले ते थेट लोखंडावर. मधला पिंपांचा कालखंड आपल्याकडे झालाच नाही.

२. दोष गुण कसा झाला

युरोपात तो कालखंड दीर्घ होता. बिअर, वाईन, तेल, खारवलेले मासे, सारे काही लाकडी पिंपांतून फिरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या भट्टीची फिकी बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येऊ लागली. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कित्येक महिने ती ओकच्या पिंपांत डुचमळत येई. हीच पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून प्रसिद्ध झाली. आज या नावाची बिअर पुण्यातल्या कुठल्याही ब्रुअरीत मिळते, आणि समुद्रप्रवासात लाकडामुळे तिला खास चव येई, असे कुणी ना कुणी सांगतेच.

वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. लाकडाची चव बिअरला लागू नये म्हणून त्या काळचे ब्रिटिश भट्टीवाले आटापिटा करीत. पिंपांसाठी त्यांची पसंती बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून (आजचे लिथुआनियातील क्लायपेडा) येणाऱ्या ओकला असे, कारण त्या लाकडाचा गुण बिअरला फारसा लागत नसे. अमेरिकी ओकला नाके मुरडली जात, कारण तो बिअरला खोबऱ्या-व्हॅनिलाचा वास देई. जर्मन भट्टीवाले तर पिंपाला आतून राळेचा लेपच देत, म्हणजे बिअर लाकडाला शिवूच नये. आपल्या कल्हईवाल्याला त्यांचे हे काम पाहताक्षणी समजले असते. थोडक्यात, कळकणे हा दोष आहे याविषयी दीडशे वर्षांपूर्वीचा लंडनचा भट्टीवाला आणि पलूसची गृहिणी यांचे एकमत होते.

मग दोषाचा गुण केव्हा झाला? विसाव्या शतकात पोलादाची आणि ॲल्युमिनियमची पिंपे आली आणि बिअर लाकडापासून सुटली. जगात लाकडी पिंपे उरली ती मुख्यतः वाईनला आणि व्हिस्कीला. इकडे अमेरिकेत १९३० च्या दशकात असा नियम झाला की ‘बर्बन’ म्हणवून घेण्यासाठी व्हिस्की आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पात्रातच ठेवली पाहिजे. परिणामी, एकदा वापरलेले पिंप बर्बनवाल्याला त्याच कामासाठी निरुपयोगी झाले. अशी पिंपे स्वस्तात बाहेर पडू लागली. बरीचशी स्कॉटलंडला गेली. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूस आयलंड या लहान ब्रुअरीने काळी स्टाउट बिअर अशा पिंपांत भरून पाहिली, आणि जी चव ब्रिटिशांनी टाळली होती तीच लोक जास्त पैसे मोजून मागू लागले.

यातून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या नव्या रुचीमागे एक आर्थिक सोय उभी होती. पिंपाची मूळ किंमत व्हिस्कीने आधीच फेडलेली होती. ज्या लाकडाने आधीच एकाचे काम केले, त्यात दुसऱ्याला वर्षभर थांबणे परवडले. पिंपात मुरलेल्या पेयाची चव घेताना आपण लाकडाची चव घेतोच, पण कुणीतरी केलेल्या खर्चाची आणि प्रतीक्षेचीही चव घेत असतो.

३. लाकूड काय देते, काय मागते

ते लाकूड काय देते हे आता रसायनशास्त्राने नीट उलगडले आहे. फळ्या वाकवताना पिंप आतून आगीवर शेकतात. उष्णतेने लाकडातले लिग्निन फुटते आणि व्हॅनिलिन तयार होते. व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच. खोबऱ्याचा वास ओकमधील लॅक्टोनांचा, आणि अमेरिकी ओकमध्ये ती अधिक. लवंगेचा वास युजेनॉलचा, आणि लवंगेच्या तेलातही मुख्य घटक तोच. धूर ग्वायकॉलचा. करपलेल्या गुळाचा वास लाकडातल्या शर्करा भाजल्याने येतो, आणि गुऱ्हाळावरच्या कढईतही थोड्याफार फरकाने तेच घडते. तुरटपणा टॅनिनचा. तेव्हा त्या रात्री माझ्या जिभेला आठवलेले खोबरे, लवंग आणि काकवी ही कवीकल्पना नव्हती.

याखेरीज लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अतिशय मंदपणे प्राणवायू आत शिरतो. तांबड्या वाईनचा रंग त्यामुळे टिकाऊ होतो आणि तिचा खरखरीत तुरटपणा मवाळ होतो. स्टीलच्या टाकीत हे आपोआप होत नाही.

आणि लाकूड मागते ते वेळ. फ्रान्समध्ये मध्यभागी त्राँसे नावाचे ओकचे अरण्य आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात आरमारासाठी त्याची शिस्तबद्ध जोपासना सुरू करविली. जहाजे पुढे लोखंडाची झाली आणि ते लाकूड वाईनच्या कामी आले. पिंपासाठी तोडायचा ओक साधारण दीडशे-दोनशे वर्षांचा असतो. फाडलेल्या फळ्या उघड्यावर, ऊन-पाऊस खात, दोन-तीन वर्षे वाळवतात. त्यातून बोर्दोच्या पद्धतीचे २२५ लिटरचे एक पिंप होते. त्यात वाईन वर्ष-दीड वर्ष राहते, आणि तीन-चार हंगामांत पिंपाचा गुण संपून जातो. दर वर्षी काही टक्के वाईन लाकडातून उडून जाते ती निराळीच. युरोपात या घटीला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. हवा जितकी उष्ण आणि कोरडी, तितका देवदूतांचा वाटा मोठा. मार्च-एप्रिलमधला पलूसचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला पिंपघर थंड ठेवायला विजेचे बिल किती येईल याची कल्पना करता येईल.

४. कृष्णाकाठ

आता पलूसकडे वळू. हा मुलूख पूर्वी तासगाव तालुक्याचा भाग. कृष्णेच्या काठाने भिलवडी, औदुंबर, अंकलखोप ही गावे काळ्या मातीची, उसाची. तासगावच्या बाजूला सरकावे तसे पाणी कमी आणि द्राक्ष जास्त. या टापूने सहकारी साखर कारखाने पाहिले, उपसा सिंचन योजना पाहिल्या, १९३९ पासून भिलवडीला चितळ्यांचा दुग्धव्यवसाय पाहिला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पलूसशेजारचे कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते. जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना याच मातीतली. प्रतिसरकारच्या कार्यक्रमात न्यायदान मंडळे होती, हुंड्याला आणि थाटामाटाला फाटा देणारे गांधी-विवाह होते, आणि दारूबंदीही होती. इंग्रजी राजवटीच्या तिजोरीत अबकारीचा पैसा मोठा होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून गावोगावच्या गुत्त्यांचे लिलाव हे सरकारी उत्पन्नाचे साधन झाले होते. तेव्हा गुत्ता बंद पाडणे हे नीतीचे काम होते तसे सरकारचा महसूल तोडण्याचेही होते. दारूविषयीची या भागाची अढी नुसत्या सोवळेपणातून आलेली नाही, ती स्वातंत्र्यलढ्यातून आलेली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ‘आरोग्याच्या रक्षणासाठी’ परवाना काढून पिण्याची सवलत त्याच्या नियमांत होती. साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल झाली, पण परवान्याची कल्पना राहिली. पिणारा हा एक प्रकारचा रुग्ण, ही त्यामागची भूमिका. अशा भूमिकेत चव या गोष्टीला जागा नसते. औषधाची चव कोण घेतो?

याच काळात तासगाव परिसरात द्राक्षाची शेती बहरली. बिया नसलेल्या थॉम्पसन जातीच्या वेलांतून बोरगावच्या शेतकऱ्यांनी निवड करून ‘तास-ए-गणेश’ ही जात काढली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, घडांची विरळणी, मणी फुगवायला जीएच्या द्रावणात घड बुडवणे, डाऊनी-भुरीची भीती, अवकाळी पावसाची धास्ती, या साऱ्यांतून येथला बागाईतदार तयार झाला. त्याचे सगळे कसब एका दिशेने वाढले: मोठा मणी, पातळ साल, बी नाही, गोडी भरपूर.

वाईनला नेमके याच्या उलट लागते. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि एकरी माल कमी. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो. थॉम्पसनची वाईन होते, पण तिला सांगण्यासारखे काही नसते, आणि ती ओकमध्ये ठेवली तर लाकूडच बोलत राहते.

५. २००१ आणि नंतर

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईन हा शेतमालावरील प्रक्रियेचा उद्योग मानला गेला, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि औद्योगिक विकास महामंडळामार्फत दोन वाईन पार्क योजले गेले: नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस. तेव्हाचे उद्योगमंत्री पतंगराव कदम याच परिसराचे. जेथे साठ वर्षांपूर्वी गुत्ते बंद पाडले गेले, त्याच टापूत सरकार वाईनसाठी भूखंड आखत होते. आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही, कारण दोन्ही वेळा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातल्या पैशाचाच होता. गुत्त्यात जाणारा पैसा वाचवणे हे एका पिढीचे काम होते, द्राक्षाला चार पैसे जास्त मिळवून देणे हे दुसऱ्या पिढीचे.

माझे मामा या दुसऱ्या पिढीतले. गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी वारी. दारूचा थेंब कधी ओठाला लावलेला नाही. त्यांनी दीड एकर थॉम्पसन काढून डॉगरीजच्या खुंटावर शिराझची कलमे भरली. एका लहान वायनरीने करार केला होता; तिचे नाव घेण्याचे कारण नाही. माळकरी माणसाने वाईनची द्राक्षे लावावीत याचे मला तेव्हा नवल वाटले होते. मामांना वाटत नव्हते. ‘‘आरं, आपण द्राक्षं इकायची. फुडं त्याचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं,’’ असे ते म्हणत. पहिला चांगला माल तिसऱ्या वर्षी निघाला. दोन हंगाम उचल झाली. तिसऱ्या हंगामाला टेम्पो आलाच नाही. घड वेलीवर सुकले, आणि वाईनचे द्राक्ष मंडईत कोण घेणार? मण्यात बी, साल जाड, तोंडात घातले की तुरट. पुढच्या वर्षी मामांनी कुऱ्हाड लावली.

असे अनेकांचे झाले. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला यांनी हॉटेले आणि पर्यटन यांना फटका बसला आणि वाईनचा खप ढासळला. वायनऱ्यांकडे माल तुंबला. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात उभी केलेली शॅम्पेन इंडाज ही एकेकाळची अग्रगण्य कंपनीही या वावटळीत कोसळली. (मामांचा करार या कंपनीशी नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे.) नाशिककडेही वेली उपटल्या गेल्या; पण नाशिक सावरले. मुंबई जवळ होती, पर्यटक वायनरी पाहायला येऊ लागले, आणि मोठ्या कंपन्यांनी तग धरला. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली उभी राहिली आणि तिची ‘सेत्ते’ ही फ्रेंच ओकमध्ये ठेवलेली तांबडी वाईन नाव मिळवून गेली. म्हणजे दक्षिण महाराष्ट्राच्या हवेत हे होऊच शकत नाही, असे म्हणता येणार नाही. पण विंचूर-दिंडोरीभोवती वायनऱ्यांचा जसा दाट समूह झाला, तसा पलूसला झाला नाही.

याचे कारण म्हणून ‘आपल्या शेतकऱ्याला धीर नाही’ असे म्हणण्याची एक प्रथा आहे. शहरातल्या वाईनच्या मेजवान्यांत मी हे वाक्य ऐकलेले आहे. मला ते साफ चुकीचे वाटते.

६. थांबणे कुणाच्या खर्चाने

पलूसचा शेतकरी थांबतो. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. पण त्या दीड वर्षात विकास सोसायटीचे पीककर्ज असते, कारखान्यावर नोंद असते, आणि ऊस गेल्यावर पहिली उचल मिळते. त्याच्या थांबण्याला एक संस्था टेकू देते.

बेदाण्याचेही तसेच. द्राक्षाचा दर पडला, की घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर टाकायचे. तासगावकडची कोरडी हवा बाकीचे काम करते. दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा तयार होतो, साधारण चार किलोला एक किलो. तो शीतगृहात ठेवायचा आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांत दर येईल तेव्हा काढायचा. दिवाळीपर्यंत थांबायचे तरी शीतगृहातल्या मालावर तारण कर्ज मिळते. मुरांब्याच्या बरणीसारखी ही व्यवस्था आहे: आत ठेवा, झाकण लावा, माल बिघडत नाही आणि घरही चालते.

बोर्दोची वाईन ओकमध्ये मुरू शकली तीही शेतकऱ्याच्या धीराने नव्हे. तेथे शतकानुशतके व्यापारी होते, जे नवी वाईन विकत घेऊन आपल्या तळघरांत मुरवीत. आणि आजही तेथे वाईन पिंपात असतानाच, बाटलीत जाण्याच्या बरीच आधी, आगाऊ पैसे घेऊन विकली जाते. शिकागोच्या बिअरवाल्याचे पिंप बर्बनने फेडले, बोर्दोच्या वाईनचे पिंप व्यापाऱ्याने. २००१ च्या धोरणाने भूखंड दिला, करमाफी दिली, परवाना सुलभ केला. त्या धोरणाचा हेतू खरा होता. पण भरलेल्या पिंपाच्या दोन वर्षांचा भार कोण सोसणार, याचे उत्तर त्यात नव्हते. वायनरीला माल मुरवायला पैसा नव्हता, म्हणून तिने कोवळीच वाईन विकायला काढली. ती खपली नाही, म्हणून शेतकऱ्याचे पैसे थकले. आणि ओढगस्तीत सर्वांत आधी थांबायला सांगितले गेले ते शेतकऱ्याला. त्याच्या थांबण्याला मात्र ना सोसायटी होती, ना शीतगृहाची पावती.

दुसरी उणीव चवीची. ज्या गावात द्राक्ष पिकते त्या गावात ती वाईन कुणी चाखत नाही. ती चांगली झाली की बिघडली, लाकूड जास्त झाले की कमी, हे पिकवणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याला फक्त टेम्पो आला की नाही एवढेच कळते. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पुन्हा तोच जुना वाद उभा राहिला: एका बाजूला शेतकऱ्याचे हित, दुसऱ्या बाजूला घराघरात दारू शिरण्याची भीती. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या नावाने बोलत होत्या. कुंडलच्या इतिहासाची ज्याला जाण आहे तो दारूच्या भीतीला हसणार नाही. पण वाईन चांगली कशाने होते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

असो. मित्र परत गेल्यावर बाटलीच्या तळाशी दोन बोटे बिअर उरली होती. संक्रांतीला पलूसला जाताना ती मी बरोबर नेली. मामा शेडमध्ये जाळ्या झटकत होते. बेदाण्याचा हंगाम जवळ येत होता. पिणार नाहीत हे ठाऊकच होते. नुसता वास घ्या, म्हटले. त्यांनी बाटलीचे तोंड नाकाशी धरले, जरा थांबले, पुन्हा धरले.

‘‘आज्याच्या पेटीचा वास येतोय रं. आन् काकवीचा.’’

मी ओकचे, बर्बनचे, आगीवर शेकण्याचे सगळे सांगितले. ते ऐकत जाळ्या झटकत राहिले.

‘‘किती दीस ठिवत्यात म्हनं त्यात?’’

‘‘हिला वर्षभर ठेवली होती, मामा.’’

‘‘वरीसभर.’’ त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. ‘‘आन् त्या वर्साचं पैसं कुनी दिलं?’’

शिकागोचे उत्तर मी त्यांना देऊ शकलो. पलूसचे उत्तर देता आले नाही. मामांनी बाटलीकडे पुन्हा पाहिले नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला दोन जाळ्या फाटल्या होत्या, त्या शिवायला सुतळी आणायला मला पाठवले.